सरकत्या खोलीचं बटण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी जोतं येतं. मग उंबरा, भिंती, छप्पर. मराठीत आपण घर 'बांधतो'. बांधलेली वस्तू जागची हलायची नाही, हे त्या शब्दातच गृहीत आहे. आज मी ज्या घराविषयी बोलणार आहे त्याला जोतं नाही, चाकं आहेत. एवढंच नव्हे, त्यातली एक खोली बटण दाबलं की भिंतीसकट, खिडकीसकट, आतल्या सोफ्यासकट दोन-तीन फूट बाहेर सरकते आणि दुसऱ्या बाजूनं दाबलं की परत आत येते. अमेरिकेत या वाहनाला मोटारहोम म्हणतात आणि त्या खोलीला स्लाइडआउट. मी तिला सरकती खोली म्हणेन.

आपल्या जवळची वस्तू सांगायची तर सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन. मुंबईच्या सिनेसृष्टीत ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि ती आणण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लन यांना दिलं जातं. पण व्हॅनिटी व्हॅन ही नट-नट्यांची बसायची जागा. तिथं कुणाचं रेशनकार्ड नसतं. मोटारहोममध्ये माणसं वर्षानुवर्षं राहतात, म्हातारी होतात.

कवितेच्या वाटेला लागलेल्या माणसाला या यंत्रांशी काय देणंघेणं, असं कुणी विचारील. माझे अब्बा मिरजेत वायरमन होते. पोटात पितळी पट्ट्या असलेली काळी गोल बटणं, चिनी मातीचे फ्यूज, लाकडी पट्ट्यांवरून गेलेली वायर, या सगळ्याच्या पसाऱ्यात मी बी.ए. झालो. आणि माझा भाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, अमेरिकेत इंडियाना राज्यात मोटारहोमच्या एका कारखान्यात वायरिंगच्या खात्यात लागला. २०१४ च्या ऑक्टोबरात मी त्याच्याकडे दीड महिना राहिलो. तेव्हापासून हा विषय डोक्यात घर करून आहे.

चाकांवरच्या घराचा लिखित इतिहास साधारणपणे १८८५ पासून सांगतात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर होते. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून महोगनी लाकडाची एक गाडी करून घेतली. नाव ठेवलं 'वाँडरर', म्हणजे भटक्या. वजन जवळजवळ दोन टन, ओढायला दोन घोडे. बरोबर गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघायचा. अशा थाटात डॉक्टरसाहेब इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून निघून पार इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि पुढच्या वर्षी त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पुढे १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन क्लब निघाला, तेव्हा हे त्याच्या मानकऱ्यांपैकी एक होते.

गंमत पाहा. डॉक्टर स्वतःला 'जंटलमन जिप्सी' म्हणवून घेत. खरे जिप्सी, म्हणजे रोमा लोक, त्याच रस्त्यांवर तशाच घोडागाड्यांत बायका-मुलांसह राहत होते. त्यांना गावच्या कडेला गाडी सोडू देत नसत, पोलीस हुसकावत. आणि त्याच राणीच्या राज्यात, आपल्या देशात, १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. फिरणाऱ्या माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा. पुढे १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती वाढली. आमच्या मिरजेपासून रेल्वेनं काही तासांवर असलेल्या सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, हे जुन्या लोकांना आठवत असेल. तो कायदा गेला १९५२ मध्ये. म्हणजे चाकांवर राहणं एकाला छंद ठरलं आणि दुसऱ्याला गुन्हा, आणि दोघांची गाडी मात्र सारखीच होती! स्टेबल्स यांचं मला कौतुक आहे, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

मोटार आली तसे घोडे सुटले. १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीनं 'टूरिंग लँडो' नावाची मोटार न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. मागच्या आसनाचा पलंग होई, आणि ड्रायव्हरशी बोलायला टेलिफोन होता. ती अर्थात कुबेरांची गाडी. सामान्यांसाठी फोर्डच्या मॉडेल टीवर चढवायच्या पेट्या निघाल्या. त्यातली एक, 'कॅम्पकार', चक्क अनहायझर-बुश या बिअर बनवणाऱ्या कंपनीनं केली. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली होती आणि कारखान्यातल्या कारागिरांच्या हाताला काही तरी काम हवं होतं. या पेटीच्या बाजू बाहेर पडत आणि तिथं बिछाने होत. सरकत्या खोलीची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

'मोटारहोम' हे नाव रूढ झालं ते मिशिगनच्या रेमंड फ्रँक यांच्यामुळे. १९५८ साली त्यांनी आपल्या कुटुंबासाठी असं एक वाहन तयार केलं आणि तीन वर्षांत ते विकायला सुरुवात केली. मग १९६६ साली आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या शेतकरी गावातून विनेबागो कंपनीचं मोटारहोम बाहेर पडलं. कंपनी उभी करणारे जॉन हॅन्सन यांचा मूळ धंदा फर्निचरचं दुकान आणि जोडीला अंत्यविधीची व्यवस्था. मोटारहोम त्यांनी मोटारीच्या कारखान्यासारखं सरकत्या साखळीवर जुळवलं, त्यामुळे ते इतरांपेक्षा खूप स्वस्त पडलं. काही वर्षं तर अमेरिकेत कुठल्याही मोटारहोमला लोक विनेबागोच म्हणत, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो.

हे नाव आलं कुठून? त्या गावाच्या जिल्ह्याचं नाव विनेबागो. आणि जिल्ह्याला ते नाव मिळालं एका मूळ अमेरिकी जमातीवरून. ती माणसं स्वतःला हो-चंक म्हणतात. त्यांचा मुलूख विस्कॉन्सिन. तिथून सरकारनं त्यांना हलवलं आयोवात, तिथून मिनेसोटात, मिनेसोटात एका जागेवरून दुसऱ्या जागी, १८६३ मध्ये डाकोटाच्या वैराण माळावर, आणि शेवटी १८६५ मध्ये नेब्रास्कात. तीसेक वर्षांत इतक्या वेळा ज्यांचं घर मोडलं त्यांचं नाव शंभर वर्षांनी हौसेच्या फिरत्या घरावर रंगवलं गेलं. कंपनीनं हे हेतुपुरस्सर केलं असं मी म्हणत नाही. जिल्ह्याचं नाव घेतलं, इतकंच. पण रस्त्यानं तो शब्द दिसला की मला पुढचं वाचवत नाही.

आता खोलीकडे येऊ. रस्त्यावरच्या वाहनाला रुंदीची मर्यादा असते. अमेरिकेत ती आधी ९६ इंच होती. १९८२ च्या एका कायद्यानं मोठ्या महामार्गांवर ती १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट झाली. साडेआठ फुटांतून दोन्हीकडच्या भिंतींची जाडी वजा करा, कपाटं वजा करा. उरतो तो आगगाडीच्या डब्यातला बोळ. दोघं समोरासमोर आली की एकानं अंग चोरायचं. चार दिवसांच्या सहलीत त्याचं हसू येतं, चार वर्षांच्या संसारात भांडण होतं. राहत्या ट्रेलरना बाहेर ओढून काढायच्या खोल्या पन्नासच्या दशकापासून होत्या. पण स्वतः चालणाऱ्या मोटारहोमला सरकती खोली बसवली ती इंडियानातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीनं, १९९० साली. कायदा धावत्या वाहनाची रुंदी मोजतो. थांबलेलं वाहन हातपाय पसरू शकतं, ही त्यातली युक्ती. पाहता पाहता सगळ्यांनीच ती उचलली. आता एकेका गाडीला अशा तीन-चार खोल्या असतात.

आणि तिथून पुढे सगळ्या घराचा जीव आला एका बटणात.

बटणाचा इतिहास मला नेहमीच वाहनाच्या इतिहासापेक्षा मोहक वाटत आला आहे. विजेचा दिवा आधी आला, बटण मागाहून. उत्तर इंग्लंडमध्ये क्रॅगसाइड नावाचं लॉर्ड आर्मस्ट्राँग यांचं घर आहे. पाण्यावर वीज करून तिथं १८८० मध्ये जोसेफ स्वान यांचे दिवे लावले. ग्रंथालयातले काही दिवे मीनाकारीच्या तांब्याच्या कलशांवर बसवलेले होते आणि कलशाचं बूड पाऱ्यात टेकलेलं असे. कलश पाऱ्यातून उचलला की दिवा विझे, ठेवला की लागे. म्हणजे दिवा मालवायचा तर दिवाच उचलायचा! एखाद्या फार्सी कवीला सुचावी अशी ही प्रतिमा, पण ती एका तोफा बनवणाऱ्या कारखानदाराच्या घरात होती.

जवळच न्यूकॅसल शहरात जॉन हेन्री होम्स नावाचे क्वेकर पंथाचे इंजिनिअर होते. त्या काळच्या बटणांची एक खोड होती. हातानं हळूहळू संपर्क तोडला की दोन धातूंमध्ये ठिणगीची कमान धरायची आणि ती विझायलाच तयार नसायची. धातू जळायचा, कधी आगही लागायची. होम्स यांनी १८८४ साली बटणात स्प्रिंग घातली. बोट कितीही हळू हलवा, एका ठराविक जागी आलं की स्प्रिंग खटकन उसळते आणि दोन्ही टोकं क्षणात दूर होतात. कमान धरायला वेळच मिळत नाही. आपल्या घरच्या बटणाचा तो 'खट्' आवाज हा या माणसाचा. अब्बा नवीन बटण विकत घेताना ते कानाशी धरून वाजवून बघायचे. आवाज मऊ आला तर दुकानदाराला परत द्यायचे. तेव्हा मला ते नाटक वाटे.

आपल्या घरातल्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते, अमेरिकेत एकशे वीस वेळा. प्रत्येक बदलाच्या वेळी ती क्षणभर शून्य होते, आणि त्या शून्यात ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या विजेला शून्य नाही. ती एकाच दिशेनं वाहत राहते आणि ठिणगी लांबवर टिकते. मोटारहोमच्या आतलं बरंचसं वायरिंग बॅटरीवरचं असतं, १२ व्होल्टचं. दाब कमी म्हणून शॉकची भीती नाही. पण दाब कमी असेल तर काम तेवढंच करायला प्रवाह जास्त लागतो. शंभर वॉटच्या दिव्याला आपल्या २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, बारा व्होल्टवर आठ लागतात. सोफा, कपाट आणि माणसांसकट खोली ढकलणाऱ्या मोटारीला पंधरा-वीस अँपिअर सहज हवेत. घरातलं दिव्याचं बटण काढून तिथं बसवलं, तर ते थोड्याच दिवसांत जळेल. नव्या गाड्यांत बटण फक्त रिलेला इशारा देतं आणि जड प्रवाह रिले सोसतो. जुन्या गाड्यांत तो सगळा भार अंगठ्याखालच्या त्या इवल्या बटणावर असे.

बाराच व्होल्ट का, या प्रश्नापाशी आणखी एक गोष्ट आली, आणि ती मी भारतात बसून कधीच कल्पिली नसती. उत्तर इंडियानाचा हा भाग, एल्कहार्ट आणि शेजारचा लग्रेंज जिल्हा, मोटारहोमच्या धंद्याची राजधानी मानला जातो. त्याच भागात आमिश लोकांची अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे. स्वित्झर्लंड आणि अल्सेसच्या भागात १६९३ च्या सुमारास झालेल्या धर्मसुधारकांच्या फुटीतून निघालेला हा ख्रिस्ती पंथ. साधा पोशाख, लग्नानंतर पुरुषांना दाढी, प्रवासाला घोड्याची बग्गी, आणि घरात सार्वजनिक वीज नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यापाड्यांत खांब येऊ लागले तेव्हा त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की खांबावरची तार घरात घ्यायची नाही. वीज पाप आहे असं त्यांचं म्हणणं नाही. ती तार जगाशी बांधून टाकते, असं आहे. म्हणून बॅटरी अनेकांना चालते. बग्गीच्या मागचे लाल दिवे बारा व्होल्टवरच लागतात.

आणि हेच लोक हजारोंच्या संख्येनं मोटारहोमच्या कारखान्यांत काम करतात. शेतजमीन पुरेना, मुलं वाढली, मग सुतारकामाचा हात असलेली ही माणसं तिकडे वळली. सकाळी कारखान्याच्या व्हॅन त्यांना घ्यायला येतात, कारण स्वतः मोटार चालवायची नाही. ज्या घरात वीज, टीव्ही, चाकं सगळं आहे ते घर त्यांनी बनवायचं, आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जेवायला जायचं. भाच्याबरोबर काम करणाऱ्या एका आमिश गृहस्थाला मी विचारलं, बारा व्होल्ट चालतात आणि एकशेवीस नाहीत, हे कसं? तो म्हणाला, "तार कुंपणाबाहेर जाते का, एवढंच आम्ही बघतो." मला त्याचं हे उत्तर पटलं असं नाही. बॅटरीसुद्धा कुठल्या तरी कारखान्यातूनच येते. पण त्याला वाद घालायचा नव्हता आणि मलाही तो बरा वाटला.

या धंद्यानं त्या भागाला फार मोठे हेलकावे दिले आहेत. २००५ मध्ये कतरिना वादळात लुइझियाना-मिसिसिपीची घरं वाहून गेली तेव्हा सरकारनं बेघरांसाठी एक लाखाहून जास्त ट्रेलर आणि फिरती घरं खरेदी केली. कारखान्यांनी घाईनं माल काढला. मग राहणाऱ्यांचे डोळे झोंबू लागले, मुलांना खोकला सुटला. प्लायवुडच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड वायू येत होता. २००८ मध्ये सरकारी तपासणीत तो नेहमीच्या घरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळला, आणि २०१० मध्ये अशा लाकडी मालासाठी देशव्यापी कायदा करावा लागला. दरम्यान मंदी आली होती. एल्कहार्टमध्ये बेकारी वर्षभरात पाच टक्क्यांच्या आतून पंधराच्या वर गेली. ९ फेब्रुवारी २००९ रोजी ओबामा राष्ट्राध्यक्ष होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ते तिथं येऊन बोलून गेले ते यामुळेच. मोटारहोम बनवणाऱ्यांची पक्की घरं बँकांकडे गेली आणि त्यांतले काही जण मग मोटारहोममध्येच राहायला गेले.

त्यातल्या एक बाई मला भेटल्या. सत्तरीच्या. त्या आणि त्यांचे पती दोघंही कारखान्यात होते. घर गेल्यावर हाती राहिलेल्या पैशात त्यांनी जुनं मोटारहोम घेतलं होतं, एका सरकत्या खोलीचं. नवरा पुढे वारला. भाच्याच्या गावाबाहेरच्या कॅम्पग्राउंडमध्ये त्या उन्हाळाभर राहायच्या आणि थंडीला दक्षिणेकडे जायच्या. तिकडची कॅम्पग्राउंडं ऑक्टोबरअखेर बंद होतात, कारण नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाणीच तोडतात. अखेर पाच दिवसांवर आली, आणि बाईंची खोली बाहेर गेली ती आत येईना. खोली बाहेर ठेवून गाडी रस्त्यावर काढता येत नाही. दुरुस्तीच्या एका दुकानानं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती आणि सगळी यंत्रणाच बदलावी लागेल असा अंदाज सांगितला होता. तो आकडा ऐकून बाई खाली बसल्या होत्या म्हणे.

भाचा आणि तो आमिश गृहस्थ रविवार टाळून शनिवारी दुपारी गेले. मीही बरोबर. "मामू, तुम्ही खुर्चीवर बसा, गारठा आहे," असं भाचा म्हणाला. मी बसलो नाही.

आधी त्यानं मीटर लावून बॅटरी बघितली. बॅटरी पडकी असली तर मोटर अर्ध्यात थांबते आणि माणूस उगाच बटणाला दोष देतो. बॅटरी ठीक होती. फ्यूज ठीक. मग बाईंना बटण दाबायला सांगून तो मोटारीकडच्या तारांवर मीटर धरून बसला. 'बाहेर' दाबलं की मीटरवर बारा, 'आत' दाबलं की शून्य. मोटारीला बॅटरीच्या तारा क्षणभर थेट उलट्या लावल्या तर ती गुरगुरून फिरली. म्हणजे यंत्रणा ठणठणीत, मेलं होतं ते बटणाचं एक अंग.

या बटणाला मागे सहा टोकं असतात, तीन-तीनच्या दोन ओळींत. मधल्या दोन टोकांवर मोटारीच्या तारा, एका बाजूच्या दोघांवर बॅटरीच्या, आणि तिथून दुसऱ्या बाजूला दोन छोट्या तारा तिरक्या, फुलीसारख्या. एकीकडे दाबलं की मोटर सुलटी, दुसरीकडे दाबलं की त्या फुलीमुळे उलटी, बोट काढलं की बटण आपोआप मधोमध येऊन बंद. भाच्यानं आधी बॅटरीची ऋण तार सोडली, पकडीनं एकेक टोक काढलं, काढण्याआधी प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर आकडा लिहून लावला. ही चिकटपट्टी त्याच्या नानांची, म्हणजे माझ्या अब्बांची. कारखान्यात सगळे मोबाइलवर फोटो काढतात. हा फोटोही काढतो आणि आकडेही लावतो. बटण फोडून दाखवलं तर आतला एक ठिपका काळा, खड्डा पडलेला. नवं घेताना व्होल्टबरोबर अँपिअर बघायचे, आणि तेही बॅटरीच्या विजेसाठी लिहिलेले. बटणावर दोन आकडे छापलेले असतात, त्यातला मोठा बहुधा घरच्या विजेचा. दुकानदारालाही हे पुष्कळदा ठाऊक नसतं.

पण 'आत' हेच अंग का जळलं? त्याचं उत्तर आमिश गृहस्थाकडे होतं. तो या सगळ्या वेळात शिडी लावून खोलीच्या छपरावर चढला होता. वर खारींनी साठवलेले काळे अक्रोड होते, मुठीमुठीनं, आणि ओल्या पानांचा थर. खोली आत घेताना तो सगळा कचरा रबराच्या पट्टीत अडकायचा, मोटर अडखळायची, आणि बाई अंगठा तसाच दाबून धरायच्या. अडकलेली मोटर दुप्पट-तिप्पट प्रवाह ओढते. त्यानं ते अक्रोड एका टोपलीत काढून बाईंना दिले. रबर पुसलं आणि सुकून तडकलं होतं तिथं रबरासाठीचं औषध लावलं. खालच्या दातेरी पट्टीवर कुणीतरी ग्रीस थापलं होतं, तेही पुसून काढलं. ग्रीसला धूळ चिकटते आणि तिची कानस होते. तिथं कोरडं वंगण फवारतात, बोटाला न चिकटणारं. मग त्यानं गाडी समपातळीत आहे का ते पाण्याच्या थेंबाच्या पट्टीनं बघितलं. गाडी तिरकी असली की खोलीसुद्धा तिरकी सरकते आणि एका कोपऱ्यात घासते.

बटण बसलं, खोली आत गेली, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिसऱ्या वेळी बाईंनी स्वतः दाबलं आणि भिंत टेकताच अंगठा उचलला. त्या दोन दिवसांनी दक्षिणेला निघून गेल्या. जाताना भाच्याला अक्रोडाचा केक करून दिला. काळे अक्रोड फोडायला किती कठीण असतात हे मी भाच्याच्या घरी प्रयत्न करून बघितलं.

अर्थात प्रत्येक खोलीला एकच नियम लागत नाही. काही गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे असतात, काहींत तारेचे दोर. अलीकडे एक प्रकार फार चालतो. खोलीच्या दोन्ही बाजूंना भिंतीतच दातेरी पट्ट्या आणि दोन छोट्या मोटारी. दोन्ही बरोबरीनं चालल्या नाहीत तर खोली वाकडी होते, म्हणून एक इलेक्ट्रॉनिक पेटी दोघींचे फेरे मोजत राहते. तिथं मात्र खोली टेकल्यावरही बटण काही क्षण धरून ठेवायचं असतं, म्हणजे दोन्ही मोटारी टोकाला जाऊन थांबतात आणि हिशेब पुन्हा जुळतो. जुन्या गाडीत जे केल्यानं बटण जळतं तेच नव्या गाडीत केलं नाही तर खोली अडकते. वापरणाऱ्यानं कुणाचं ऐकावं? भाचा म्हणतो, गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचावं, पण दुसऱ्या-तिसऱ्या हातानं घेतलेल्या गाडीबरोबर पुस्तक येत नाही. वीज गेली तर हातानं फिरवायचा दांडा कुठं बसतो हेही त्या पुस्तकातच असतं.

महासाथीच्या काळात या धंद्याला अचानक उधाण आलं. विमानं बंद, हॉटेलं बंद, मग लोकांनी घरच बरोबर घेतलं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून सगळ्या प्रकारची मिळून सहा लाखांहून जास्त वाहनं बाहेर पडली, हा विक्रम. दोन वर्षांत तो आकडा जवळपास निम्म्यावर आला. त्याच २०२१ साली आपल्या महाराष्ट्र सरकारनंही कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. आपल्याकडची गाडी अजून सहलीपुरती आहे. तिच्यावर कुणाचा संसार नाही, म्हणून तिच्या बटणाची चिंताही कुणाला नाही. आपला संसार चाकांवर असतो तो उसतोडीच्या बैलगाडीत, आणि तिला बटण नसतं.

गेल्या वर्षी भाच्याशी फोनवर बोलताना कळलं की महागड्या नव्या गाड्यांत आता वेगळी बटणंच नसतात. काचेच्या एका पाटीवर दिव्यांची, पाण्याच्या पंपाची, खोलीची चित्रं. बोट लावलं की निरोप एका बारीक तारेतून संगणकाकडे जातो आणि तो पुढची व्यवस्था करतो. बिघाड झाला तर पाटी अख्खी बदलायची, आणि ती बदलल्यावर संगणकाला तिची ओळख करून द्यायची, जे काम फक्त कंपनीचा माणूस करू शकतो. "खट् आवाज येतो का?" मी विचारलं. तो म्हणाला, "येतो मामू, पण तो स्पीकरमधून येतो." सहा टोकांची ती जुनी बटणं बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानांत अजून मिळतात. दिसली की तो दोन-चार घेऊन ठेवतो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सध्या एकोणीस आहेत.